अर्जाची मूळ प्रत

रूथ कासेंगा सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीच विश्रांतवाडीच्या बसथांब्यावर उतरली. निकिता स्कूटी घेऊन तिथं उभीच होती. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला अडचण आली नाही. थांब्यावरचे सगळेच एका दिशेला बघत होते.

"सॉरी हं," निकिता इंग्रजीत म्हणाली. "बघतात लोक."

"दोन वर्षं झाली मला पुण्यात," रूथ म्हणाली. "आता कुणी बघितलं नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटतं."

ती कॅम्पातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. दोघींची ओळख झाली ती ईमेलवर. आजोबांचं आत्मचरित्र छापायला गेलं तेव्हा निकितानं त्यातलं एक प्रकरण इंग्रजीत उतरवून इंटरनेटवर टाकलं होतं. तिच्या कल्याणीनगरच्या कंपनीला अमेरिकेतून येणारं काम यंदा आटलं होतं, आणि ऑफिसात बसून करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शिवाय ते प्रकरण घरात सगळ्यांना पाठ होतं. १९५७ साली आफ्रिकेतल्या लुवामा प्रदेशात संयुक्त राष्ट्रांचं पाहणी मंडळ गेलं. मंडळावरच्या भारतीय सदस्यांचे सहायक म्हणून तीस वर्षांचे रामदास ओव्हाळ बरोबर गेले. तिथल्या एलायस कासेंगा नावाच्या शाळामास्तरानं दोनशे बारा माणसांच्या अंगठ्यांचा अर्ज त्यांच्या हातात ठेवला. 'आम्हांला शेजारच्या वसाहतीला जोडू नका, आधी आम्हांला विचारा,' एवढंच त्या अर्जात होतं. आणि रामदास ओव्हाळांनी तो अर्ज जगापुढे नेला.

प्रकरण टाकल्यावर चौथ्या दिवशी मेल आली. 'यात ज्यांचं नाव आहे ते माझे आजोबा. मी पुण्यातच शिकते. तुमच्या आजोबांचे आभार मानायला येऊ का?'

पुस्तकाचं प्रकाशन उद्या, रविवारी होतं. त्याआधी शनिवारी तिला जेवायला बोलवायचं असं निकिताच्या वडिलांनी, अनिरुद्धनं, ठरवून टाकलं. मेल वाचून दाखवली तेव्हा आजोबा काहीच बोलले नव्हते. त्यांना गहिवरून आलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

दारात भीमराव उभे होते. आजोबांचे हे धाकटे भाऊ येरवड्याला राहत. उद्याच्या कार्यक्रमाचा सगळा भार त्यांनी अंगावर घेतला होता, आणि गेला महिनाभर ते घरोघरी पत्रिका देत हिंडत होते.

"ये पोरी, ये. जय भीम."

रूथनं हात जोडले. "जय भीम," ती अगदी स्पष्ट म्हणाली.

"बघा! बघा!" भीमराव आत ओरडले. "दादा, उठा की. कोण आलंय बघा!"

रामदास ओव्हाळ खुर्चीतून उठले. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ते ताठ होते, घरात असले तरी इस्त्रीचा सदरा घालत. त्यांनी रूथचा हात दोन्ही हातांत घेतला आणि लगेच सोडला. इतक्या लगेच, की निकिताच्या ते ध्यानात राहिलं.

जेवणं नीट झाली. सोनालीनं, निकिताच्या आईनं, मटण केलं होतं. रूथनं भाकरी मागून घेतली. जेवताना ती बोलत होती आणि निकिता भीमरावांसाठी मराठीत सांगत होती. बाकी सगळ्यांना इंग्रजी समजायचं. आजीनंही नवऱ्याबरोबर परदेशांतल्या वकिलातींत पंचवीस वर्षं काढली होती.

हात धुतल्यावर रूथनं पिशवीतून एक फोटो काढून रामदासांसमोर ठेवला. शाळेच्या पायऱ्यांवर एक किडकिडीत माणूस उभा होता, अंगात कोट, पायात काही नाही.

"मंडळ निघून गेल्यावर चार आठवड्यांनी पकडलं त्यांना," ती म्हणाली. "पाच वर्षं तुरुंगात होते. स्वातंत्र्य आलं तेव्हा सुटले, पण छाती खलास झाली होती. वर्षभरात गेले. माझी आजी अजून आहे. ती सांगते, त्या दिवसांत आमच्याशी माणसासारखा बोलला तो एक हिंदुस्थानी. माझा बापसुद्धा असाच अंगठे गोळा करत हिंडायचा, असं तो म्हणाला होता."

निकितानं ते मराठीत सांगितलं. भीमरावांनी डोळे पुसले. "आमचा बाप," ते म्हणाले. "कोंडीराम. खरंय ते."

"तुमच्या पुस्तकात एक वाक्य आहे," रूथ पुढं म्हणाली. "'पुढे कुणाच्या तरी फितुरीमुळे कासेंगा आणि इतर एकतीस जणांना अटक झाली.' कुणाच्या तरी असं का लिहिलंत? आम्हांला नाव माहीत आहे. डॅनियल म्तोंगा. मंडळाचा दुभाषा. आजोबा आणि तुमच्याखेरीज सगळी नावं फक्त त्यानं बघितली होती. यादी त्यानंच गव्हर्नरच्या कचेरीत दिली. आजीची एकच इच्छा आहे, ते नाव एकदा छापलेलं बघायचं. ती चौऱ्याऐंशीची आहे."

"तो आहे अजून?" रामदासांनी विचारलं. जेवायला बसल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले होते.

"आहे. त्याच गावात. कुणी त्याच्याकडे जेवत नाही. बायको मेली तेव्हा खड्डा त्यानं आणि त्याच्या मुलानंच खणला. मुलगा नंतर गाव सोडून गेला." मग थोडं थांबून, जरा ओशाळून, ती म्हणाली, "मी शाळेत होते तेव्हा आम्ही त्याच्या दारावर दगड मारायचो. सगळीच पोरं मारायची."

अनिरुद्धला हे अवघड वाटलं नाही. तो पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होता आणि अडचण दिसली की तोडगा काढायचा ही त्याची सवय होती.

"पुस्तक छापून झालंय," तो रूथला म्हणाला, "पण आत एक शुद्धिपत्राची चिठ्ठी घालता येईल. आज संध्याकाळी छापून घेतो. नावाचं स्पेलिंग लिहून द्या."

"नको," रामदास म्हणाले.

"अण्णा, एका ओळीचं तर काम आहे."

"नको म्हटलं ना." ते उठले आणि आतल्या खोलीत गेले.

अनिरुद्ध त्यांच्यामागं गेला. अण्णा पलंगाच्या कडेवर बसले होते, हात मांड्यांवर पालथे. त्यांना बरं नाही असं वाटून त्यानं पंखा लावला.

"दार लाव," अण्णा म्हणाले. "म्तोंगानं काही केलेलं नाही. यादी मी दिली."

अनिरुद्धला आधी नीट ऐकूच आलं नाही. मग आलं, आणि पहिली गोष्ट त्यानं काय केली असेल तर दाराची कडी लागली आहे ना ते पुन्हा बघितलं. या गोष्टीची त्याला पुढे फार लाज वाटली. पण त्या क्षणी त्याला फक्त बाहेर बसलेली माणसं दिसत होती, आणि उद्याच्या सभागृहातल्या खुर्च्या.

इंजिनीअरिंग कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एका मुलानं त्याला विचारलं होतं, ओव्हाळ, तू कुठल्या दारानं आत आलास रे? त्या मुलाला त्यानं लुवामाची गोष्ट सांगितली होती. नोकरीत साहेबांना सांगितली, लग्नात सासरच्यांना सांगितली. माझ्या बापानं एका देशाचा अर्ज जगापुढे नेला. हे म्हटलं की समोरचा गप्प व्हायचा. त्या एका वाक्यावर तो सत्तेचाळीस वर्षांचा झाला होता.

"कुणाला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"तुझ्या आईला."

"मग तिघांतच राहू दे. अण्णा, ऐका माझं. तिला सांगू, पुराव्याशिवाय कुणाचं नाव छापता येत नाही. पुढच्या आवृत्तीत ते फितुरीचं वाक्यच काढून टाकू. कुणाचं काही जात नाही."

"म्तोंगाचं जातं."

"चव्वेचाळीस वर्षं झाली त्याला! आणि तुमचं काय? भीमाकाकांचं काय? तो माणूस महिनाभर पत्रिका वाटतोय."

दारावर टकटक झाली. त्याची आई, प्रेमलाबाई होत्या. अनिरुद्धनं कडी काढली, त्यांना आत घेतलं आणि पुन्हा लावली. नवऱ्याचं तोंड बघून त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"आई, तू सांग यांना," अनिरुद्ध म्हणाला. "तू इतकी वर्षं गप्प राहिलीस, काहीतरी विचार करूनच ना?"

विचार? प्रेमलाबाईंना ते दिल्लीचं सरकारी घर आठवलं. चौसष्ट साल. लुवामाचं तिकीट लावलेलं पाकीट आलं होतं आणि त्यांनीच ते फोडलं होतं. मास्तरांच्या बायकोनं कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलं होतं: माझा नवरा वारला, शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होता, तुम्ही सुखी राहा. यांनी ते पत्र वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसले. त्या संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर प्रेमलाबाईंनी काय केलं? पत्र चुलीत घातलं. यांनी सांगितलं नव्हतं, त्यांनीच घातलं. पुढच्या महिन्यात परदेशी बदली होती, अनिरुद्धला चांगली शाळा मिळणार होती.

"विचार काही केला नव्हता," त्या म्हणाल्या. "मला ते सगळं हवं होतं, म्हणून गप्प राहिले. तेव्हा दुसऱ्या कुणावर आळ आलाय हे ठाऊक नव्हतं, एवढं खरं. आज कळलं." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, उठा. ती पोरगी बाहेर बसली आहे."

"आई!"

"तू कडी काढ आधी."

बाहेर रूथ आणि निकिता फोटो बघत बसल्या होत्या. रामदास पुन्हा आपल्या खुर्चीत बसले. भीमराव त्यांच्या शेजारीच होते. त्यांनी भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं वाटंना का, दादा?"

रामदास इंग्रजीत बोलू लागले. सावकाश, जुन्या कचेरीतल्यासारखं.

"मंडळावर चार सदस्य होते. दोघे राज्यकर्त्यांच्या बाजूचे, दोघे आमच्यासारख्या नुकत्याच सुटलेल्या देशांचे. अहवाल एकमतानं गेला तरच त्याला वजन. आमच्या साहेबांना त्यात एक वाक्य हवं होतं, लुवामाला अमुक सालापर्यंत स्वातंत्र्य द्यावं. समोरच्यांना कुठलंच साल नको होतं. अकरा दिवस त्या एका वाक्यावर ओढाताण चालली. शेवटी ते म्हणाले, साल घाला, पण उत्तरेकडच्या अर्जाचा उल्लेख अहवालात नको. तो गव्हर्नरच्या कचेरीकडे नुसता अभिप्रायाला पाठवा. आमच्या साहेबांनी मान्य केलं."

"म्हणजे अर्ज जगापुढे गेलाच नाही?" निकितानं विचारलं.

"नाही गेला."

निकिताला आपण इंटरनेटवर टाकलेलं ते पान आठवलं. वर तिनं ठळक अक्षरांत मथळा दिला होता. आतापर्यंत तीनशे जणांनी ते वाचलं होतं, आणि रोज ऑफिसात गेल्यावर ती तो आकडा बघायची.

"काय म्हणतात ते?" भीमरावांनी विचारलं. "सांग की गं."

"निकिता, राहू दे," अनिरुद्ध म्हणाला. "भाषांतर करू नकोस."

निकितानं वडिलांकडे बघितलं, मग आजीकडे. आजीनं मान हलवली. निकितानं भीमरावांना सगळं सांगितलं.

"मग ते साहेबांनी केलं की," भीमराव म्हणाले. "दादांचा काय दोष त्यात?"

"भीमा, थांब." रामदास आता मराठीतच बोलले. "निकिता, हे तू तिला इंग्रजीत सांग. साहेब मला म्हणाले होते, नावं आणि अंगठे गाळून नुसता मजकूर टाइप कर आणि ती प्रत पाठव. मूळ प्रत आपल्याबरोबर न्यूयॉर्कला येईल. मी प्रत टाइप केली. ती घेऊन गव्हर्नरच्या कचेरीत गेलो. गव्हर्नरचा चिटणीस गोरा, माझ्याच वयाचा. बाहेर हिरवळीवर बसवलं त्यानं मला. स्वतः उठून माझ्या कपात चहा ओतला. मग स्वतःच्या कपात, त्याच किटलीतून."

ते थांबले. निकिताचं इंग्रजीत सांगून संपलं.

"दीक्षा घेऊन वर्ष झालं नव्हतं. आपल्याच वकिलातीतला एक जण माझा पेला वेगळा ठेवायचा, रोज. आणि हा मिस्टर ओव्हाळ, मिस्टर ओव्हाळ करत होता. म्हणाला, तुमच्यासारख्या माणसाला वरची जागा मिळायला हवी, मी तुमच्या साहेबांपाशी बोलेन. मग म्हणाला, अंगठे खरे आहेत की नाही तेवढं पडताळायचंय, मूळ प्रत दोन दिवस ठेवून घेऊ का? ती माझ्या बॅगेत होती. नाही म्हणता आलं असतं. कुणी जबरदस्ती केली नाही. मी दिली."

 रूथनं फोटो उचलून पिशवीत ठेवला.

भीमरावांचा हात भावाच्या गुडघ्यावरून केव्हाच निघाला होता.

"अभिप्रायाला," ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बाबाचा अर्जबी अभिप्रायालाच आला होता न्हवं? कलेक्टरकडनं पाटलाकडं. विहिरीचा. अकरा अंगठे होते."

"हो."

"मी चार वर्सांचा होतो. मला बाबाचा हात आठवतो. कोपरापासून वाकडा, मरेपर्यंत तसाच. तू दहाचा होतास. तू तर सगळं बघितलं होतंस." भीमराव भावाला जन्मात कधी अरेतुरे बोलले नव्हते, आणि आता बोलतोय हे त्यांना कळलंही नाही. "नावं गेल्यावर काय हुतं ते तुला ठाऊक न्हवतं, असं म्हण. म्हण की."

"ठाऊक होतं."

"मग?"

"देताना ठाऊक होतं, भीमा. चहा पिताना विसरलो असतो तर बरं झालं असतं. नव्हतो विसरलो."

भीमराव उठून दारापर्यंत गेले. तिथंच पाठमोरे उभे राहिले. सोनाली स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. अनिरुद्ध भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे बघत होता. कुठल्याशा राष्ट्राध्यक्षाशी हस्तांदोलन करतानाचा तो फोटो त्यानंच मोठा करून लावला होता.

रूथ बोलली तेव्हा तिचा आवाज सरळ होता. "म्तोंगाला हे माहीत होतं?"

"त्यानं अर्जाचं वाक्य न् वाक्य मला इंग्रजीत सांगितलं होतं," रामदास म्हणाले. "आणि दोनदा विचारलं होतं, नावं तुमच्यापाशीच राहतील ना? मी दोन्ही वेळा हो म्हणालो. त्याला कळलंच असणार."

"तो कधी बोलला नाही."

"कुणी विश्वास ठेवला असता?"

 "नाही," रूथ म्हणाली. "मी ठेवला नसता. आजी तर तुमच्यासाठी अजून प्रार्थना करते." तिनं डोळे घट्ट मिटून उघडले. "मला तुमची माफी नको. मी ती देऊही शकत नाही, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. त्याच्या घरामागं दवाखाना आहे. माझी मावशी तिथं नर्स आहे. तिथं फोन आहे."

"पत्र लिहितो," रामदास म्हणाले. "सविस्तर. सही करून."

"पत्र पोहोचायला महिना लागतो. तो एकोणऐंशीचा आहे. आणि तुम्ही चौऱ्याहत्तरचे."

अनिरुद्ध पुढं आला. सगळ्यांना वाटलं तो आता आडवा येणार. त्यानं कोपऱ्यातलं टेलिफोनचं यंत्र उचललं, वायर सोडवली आणि ते वडिलांसमोरच्या टेबलावर आणून ठेवलं. कुणाकडे बघितलं नाही.

"स्पीकरचं बटण आहे," तो म्हणाला. "नंबर सांगा."

चौथ्या वेळी लागला. रूथ तिच्या भाषेत मावशीशी बरंच बोलली. मावशी मध्येच एकदा मोठ्यानं काहीतरी म्हणाली आणि गप्प झाली. मग वाट बघणं. फोनमधून दवाखान्यातले आवाज येत होते, कुठलंसं मूल रडत होतं. प्रेमलाबाईंनी नवऱ्याच्या हातात पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"हॅलो," एक म्हातारा आवाज आला. स्वच्छ, जुन्या वळणाचं इंग्रजी. "कोण बोलतंय?"

"मिस्टर म्तोंगा, मी ओव्हाळ. सत्तावन्न सालचा. मंडळाबरोबर आलो होतो."

"होय. आवाज बदलला तुमचा."

"मिस्टर म्तोंगा, अर्जाची मूळ प्रत मी..."

"थांबा," म्तोंगा म्हणाला. "मला सांगू नका. मला माहीत आहे. मी एकट्यानं ऐकून काय उपयोग? थोडा वेळ थांबता येईल तुम्हांला?"

"येईल."

पाऊण तास लागला. लाइन दोनदा तुटली, दोन्ही वेळा अनिरुद्धनं परत लावली. पलीकडे खुर्च्या सरकल्याचे, माणसं येऊन बसल्याचे आवाज येत राहिले. रूथ एकेक ओळखून हलक्या आवाजात सांगत होती. हा गावचा मुख्य. हा चर्चचा पाद्री. हे खोकणं आजीचं. तिला उचलून आणलंय. भीमराव दारातून परतले आणि स्टूल ओढून टेबलाशी बसले, भावापासून अंतर ठेवून.

"दादा," ते म्हणाले. पुन्हा दादा म्हणाले खरे, पण त्यात पूर्वीचं काही नव्हतं. "उद्या हॉल भरल. माणसं यायची थांबणार न्हाईत आता. तिथंबी उभं राहून हेच सांगायचं. हार मी घालणार न्हाई."

"सांगेन," रामदास म्हणाले.

"मिस्टर ओव्हाळ," फोनमधून आवाज आला. "सगळे आलेत. आता बोला. वाक्य लहान ठेवा. एका वेळी एकच. मी त्यांना आमच्या भाषेत सांगतो."

"तुम्ही?" रामदास म्हणाले. "रूथ आहे इथं. ती सांगेल."

"दुभाषा मी होतो," म्तोंगा म्हणाला.

रामदासांनी सुरुवात केली. माझं नाव रामदास ओव्हाळ. पलीकडे म्तोंगानं ते सांगितलं. कासेंगा मास्तरांनी अर्ज माझ्या हातात दिला. सांगितलं. नावं कुणालाही दाखवणार नाही असा शब्द मी दिला. सांगितलं. प्रत्येक वाक्यानंतर रामदासांना थांबावं लागत होतं, आणि त्या थांबण्यात आपलंच वाक्य दुसऱ्या भाषेत ऐकावं लागत होतं. रूथ डोळे मिटून ऐकत होती. निकितानं तिच्याकडे प्रश्नार्थक बघितलं.

"शब्दाला शब्द," रूथ कुजबुजली. "एकही स्वतःचा घालत नाहीये."

मूळ प्रत मी माझ्या हातानं गव्हर्नरच्या चिटणीसाला दिली. डॅनियल म्तोंगानं दिली नाही.

हे वाक्य सांगायला म्तोंगाला वेळ लागला. पलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं, दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. मग एका म्हातारीचा आवाज आला, खोकत, तुटक. रूथनं तोंडावर हात ठेवला.

"मास्तरांची पत्नी विचारते," म्तोंगा म्हणाला, "चव्वेचाळीस वर्षं तुम्ही हे का सांगितलं नाहीत?"

रामदासांनी टेबलाची कड धरली. सांगण्यासारखी पुष्कळ कारणं त्यांच्यापाशी होती. आयुष्यभर त्यांनी ती एकेक करून तयार ठेवली होती, आणि पुस्तकात त्यांतली काही घातलीही होती. समोर बायको होती, मुलगा होता, नात होती. भीमराव मान खाली घालून बसले होते.

"लाज वाटली म्हणून," ते म्हणाले.

म्तोंगानं लगेच भाषांतर केलं नाही.

"मिस्टर ओव्हाळ, आमच्याकडे लाजेला दोन शब्द आहेत. एक, आपण वाईट केलं याची. दुसरा, ते लोकांना कळेल याची. यातला कुठला सांगू?"



"दुसरा," रामदास म्हणाले.

आणि म्तोंगानं तो शब्द सांगितला.